सतराव्या प्रश्नाचे हबीब मास्तर

हबीब मास्तर मला प्रश्न विचारायचे, तेव्हा मला उत्तर येतं की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. उलट उत्तर माझ्या ओठावर आलेलं दिसलं की ते हात आडवा धरायचे.

"उत्तर नोको, रुपीबाई. प्रश्न कळला काय, तेवढंच सांगा."

असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सासूनं विचारलं तर तिला उत्तर पाहिजे, तलाठ्यानं विचारलं तर त्याला उत्तर पाहिजे. आणि हा भला माणूस आपणच विचारायचा आणि उत्तर आलं की पळायचा!

मी दिग्रसच्या शाळेत पाणी भरायची, वर्ग झाडायची. तांडा आमचा गावापासून दीड कोसावर. माझं शिक्षण दुसरी यत्ता. तिसरीच्या आत लग्न आडवं आलं. हबीब मास्तर सातवीला शास्त्र शिकवायचे. उंच, कृश, सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग. त्यांचे वडील रहेमानचाचा जिनात फिटर होते. जिन म्हणजे कापसातली सरकी, म्हणजे बी, काढून रुई वेगळी करायचा कारखाना. हबीब मास्तरांचा जन्म जिनाच्या मागच्या खोलीतला. चाचा सांगायचे, "बाकीचे लेकरं अंगाईनं झोपते, हा जिनाच्या पट्ट्याच्या आवाजानं झोपे. अन् पट्टा थांबला का उठून रडे, का काहून थांबला?" ते 'काहून' पुढं जन्मभर सुटलं नाही. मॅट्रिक झाले, यवतमाळला मास्तरकीचं शिकले आणि परत येऊन शाळेत एक चहाचं लाकडी खोकं ठेवलं. त्यात जिनातलं मोडकं चाक, कंदिलाची काच, लोहचुंबक, घोड्याचा नाल, असलं काय काय. पोरं त्या खोक्यासाठी वेडी!

पण मास्तरांची एक खोड होती. ते उत्तर सांगत नसत. पोरगं विचारे, "मास्तर, चांद दिवसा कसा दिसते?" मास्तरांचा चेहरा असा खुले की जणू पोरानं बक्षीस मिळवलं. "वा रे पठ्ठे! आता पंधरा दिवस रोज पाह्य, लिहून ठेव, अन् मग मलेच सांग." पोरं चिडायची. एकदा कोणाचा तरी बाप शाळेत येऊन भांडला होता, "सरकारनं याले सांगाले ठेवलं का पुसाले?" हेडमास्तर रामरावजी भले गृहस्थ, त्यांनी बापाला चहा पाजला आणि मास्तरांना म्हणाले, "हबीब, आठवड्यातून एखादं तरी उत्तर सांगत जा रे बाबा." मास्तर म्हणाले, "कोणतं सांगू?" झालं! तिथंही प्रश्नच.

महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. बाजारात तेव्हा मापाची धांदल चाललेली. शेर-पायली जाऊन किलो आला होता, आणि सरकारी छाप मारलेली वजनं घेऊन दुकानदार डोकं खाजवत बसलेले. तशात एक दिवस मास्तर कागदांचं भेंडोळं हलवत पाण्याच्या माठापाशी आले. असे आनंदात, की पाणी प्यायचंच विसरले.

"रुपीबाई, आता लेकरांच्या शास्त्राचंबी एकच माप होऊन राह्यलं!"

मी म्हटलं, "लेकरं किलोवर मोजणार काय?"

मग त्यांनी समजावलं. पुण्याच्या एका सरकारी कार्यालयानं ठरवलं होतं की साऱ्या राज्यातल्या सातवीच्या मुलांना शास्त्राची एकच परीक्षा द्यायची. पण परीक्षा पाटावर बसून लिहिली आणि दिली, असं नाही. आधी साठ प्रश्नांचा कच्चा कागद काढायचा. तो थोड्या थोड्या शाळांतल्या मास्तरांनी वाचून चुका कळवायच्या. मग त्याच शाळांतल्या मुलांवर तो ताडून पाहायचा. जो प्रश्न सगळ्यांना आला तो फुकाचा, जो कोणालाच आला नाही तोही फुकाचा. उरलेल्यांतून चाळीस निवडायचे आणि किती आले म्हणजे पास, हे ठरवायचं. आणि आपल्या जिल्ह्यातून एकच शाळा निवडली होती. आमची!

"समजा शिंप्यानं साऱ्या राज्यासाठी एक सदरा शिवला," मास्तर म्हणाले, "अन् माप घेतलं फक्त शहरातल्या पोरांचं. आपल्या पोट्ट्यांले बसन काय? म्हणून आपल्या पोरांचं माप त्यात पायजेच."

एवढं मला समजलं. पण कामाला कोणाला लावलं? मला! मास्तरांचं म्हणणं, हुशार पोराला वाकडा प्रश्नही कळतो. पुस्तक न पाहिलेल्या माणसाला जो प्रश्न कळेल तोच सरळ. म्हणून पुढचे पंधरा दिवस, मी वर्ग झाडायची आणि मास्तर मागं मागं प्रश्न वाचत यायचे.

"'धातुनिर्मित पळीचे एक अग्र अग्नीत ठेविले असता दुसरे अग्र उष्ण होते, याचे यथार्थ कारण निर्देशित करा.' कळला?"

मी झाडू थांबवला. "मास्तर, हे पुसून राह्यले का धमकावून राह्यले?"

"मग तुमी कसं पुसलं असतं?"

"पळीचं एक टोक चुलीत ठेवलं, तर दुसरं टोक काहून तापते?"

मास्तरांनी तिथंच, भिंतीला कागद लावून, माझे शब्द उतरवून घेतले. 'काहून'च्या जागी 'का' केलं तेवढंच. आणखी एक होता, समुद्रसपाटीवर पाणी किती अंशांवर उकळते. मी म्हटलं, "समुद्र कोणं पाह्यला? दिग्रसले उकळते तेवढं पुसा!" मास्तर इतके हसले की रामरावजी बाहेर आले. तेही लिहून पुण्याला पाठवलं.

सतरावा प्रश्न मात्र ऐकल्या ऐकल्या कळला. 'कापूस हा कापसाच्या झाडाच्या कोणत्या भागापासून मिळतो?' आमच्या घरी हे कोणाला समजणार नाही? मी तोंड उघडलं, आणि मास्तरांचा हात आडवा आला.

"उत्तर नोको. कळला ना?"

"कळला."

"झालं." त्यांनी सतराव्यापुढं बरोबरची खूण केली आणि अठरावा काढला. तो आडवा हात लक्षात ठेवा.

मार्गशीर्षात ताडून पाहायची परीक्षा झाली. काय तो दिवस! चाळीस पोरं-पोरी तेल लावून, भांग पाडून, जशी कोणाच्या लग्नाला आलेली. आणि नवलाई अशी की लिहायचं काहीच नाही. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातल्या खऱ्यावर फुली मारायची. इलेक्शन जवळ आलं होतं, भिंती निशाण्यांनी रंगलेल्या. आमच्या तांड्याचा धावजी बाहेर येऊन म्हणाला, "रुपीमावशी, मी साठ वेळा मत देऊन आलो!" मास्तर दिवसभर खिडकीबाहेर उभे. आत जायची त्यांना बंदी होती, परीक्षा रामरावजींनी घेतली. मास्तरांचा चेहरा असा, जणू पेपर त्यांचाच चाललाय. पेपर बांधून, लाखेनं बंद करून पुण्याला गेले.

आणि महिन्याभरानं पत्र आलं.

रामरावजींनी ते मोठ्यानं वाचलं, म्हणून मला ठाऊक. बाकी कागद ठीक होता, पण सतराव्या प्रश्नाला खरं उत्तर 'फळ'. आणि आमच्या चाळीसपैकी अडतीस मुलांनी फुली मारली होती 'बी'वर. एकच चूक अडतीस मुलांनी करावी हे संभवत नाही, असं पत्रात होतं. कोणीतरी मुलांना उत्तरं सांगितली असावीत. चौकशीला अधिकारी येतील. आणि तोवर या शाळेचे चाळीस पेपर राज्याचं माप ठरवताना धरले जाणार नाहीत.

मास्तर खाली बसले. ज्या माणसानं जन्मात कोणाला उत्तर सांगितलं नाही, त्याच्यावर अडतीस पोरांना उत्तर सांगितल्याचा आळ! मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पण मास्तरांना आळाचं काही नव्हतं.

"पेपर काढले तं माप आपल्याबिगर होईन," ते म्हणाले. "मग दरसाल आपले लेकरं नापास होतीन, अन् लोक म्हणतीन, तिकडचे पोरं मठ्ठच."

तेच पणाला लागलं होतं. चाळीस पेपर आत की बाहेर. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाला तोच एक विषय. पानाच्या टपरीवर उमेदवार मागं पडले आणि 'फळ की बी' पुढं आलं!

चौकशीचे साहेब माघात आले. टिपणीस त्यांचं नाव. साऱ्या जीपगाड्या इलेक्शनच्या कामाला लागलेल्या, म्हणून बिचारे यवतमाळहून एसटीनं आले. वाटेत कापसाच्या गाड्यांची रांग होती, एसटी तासभर त्यांच्या मागं रांगत होती. म्हणजे साहेब तासभर कापूसच पाहत आले, आणि पाहिला नाही! काळी टोपी, खांद्याला पिशवी, चष्म्यावर बोटभर धूळ. मी पाणी दिलं. ते नीट 'आभारी आहे बाई' म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हे मी तिथंच ओळखलं.

अंगणात लिंबाखाली टेबल मांडलं. एकेका मुलाला बोलवायचं, विचारायचं, आणि विचारून झालेल्याला पलीकडच्या वर्गात बसवायचं, म्हणजे कोणी कोणाला सांगायला नको. माठ त्याच लिंबाखाली, म्हणून मला तिथून हलवणारं कोणी नव्हतं.

पहिला धावजी.

"कापूस कशापासून मिळतो?"

"बीपासून."

"असं कोणी सांगितलं तुला?"

"सांगाले कायले पायजे? आमची म्हैस रोज सरकी खाते. सरकीले थोडी थोडी रुई चिकटूनच राह्यते."

मग टिनवाल्याचा रहमत. तो तर जन्माचा तोंडाळ.

"बी, साहेब."

"पुस्तकात तर फळ आहे."

"तुमी कधी बोंड हातात धरलं काय, साहेब?"

रामरावजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढचा." दहा झाले, वीस झाले. सगळ्यांचं एकच: बी. कोणी म्हणे आई जिनात जाते, कोणी म्हणे आम्ही सरकीच्या ढिगावर खेळतो. हबीब मास्तर दूर कुंपणापाशी, हात मागं बांधून. साहेबांनी त्यांना जवळ यायला मना केलं होतं.

तेवढ्यात साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "ज्या दोघांनी 'फळ' लिहिलं, ती मुलं कोण?"

एक होता डाकबाबूचा मुलगा, नुकताच नागपूरहून आलेला. आणि दुसरी शहनाज. हबीब मास्तरांची पोरगी!

शहनाज आली. दोन वेण्या, नाक फुगलेलं.

"तू फळ लिहिलंस. का?"

"पुस्तकात हाये. पान बावीस."

साहेब पहिल्यांदा हसले. "बरोबर. आणि तुझ्या अब्बांनी तुला दुसरं काही सांगितलं नाही?"

त्यावर ती जी भडकली! "ते मले काहीच सांगत नाईत! साऱ्या वर्गाले ठाऊक होतं अन् मलेच नाई. अम्मी जिनात जाऊ देत नाई, अब्बा सांगत नाईत, मग मले कळावं कसं? मी दोन दिवस बोलली नाई त्यांच्यासंगं!"

साहेबांनी टाक खाली ठेवला. कुंपणाकडं पाहून हाक मारली, "मास्तर, इकडं या. स्वतःच्या मुलीलाही नाही?"

मास्तर ओशाळले. "तिनं मले अजून पुसलं कुठं, साहेब? ती तं भांडली."

साहेबांनी चष्म्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "उत्तरं कोणी सांगितली नाहीत, हे मला पटलं. उत्तर सांगणारा बाप आधी पोरीला सांगतो." माझ्या जिवात जीव आला. पण साहेबांचं संपलं नव्हतं. "तरी उत्तर चुकलंच आहे. बोंड म्हणजे फळ. कापूस बोंडातून निघतो. मुलं प्रामाणिक, पण चूक ती चूक. आणि एवढी मोठी चूक एका शाळेत असेल तर ती शाळा मापात धरायची का, हा प्रश्न राहतोच."

मास्तरांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील! आता तरी एक उत्तर सांगतील! त्यांनी तोंड मिटलं, गिळलं, आणि म्हणाले, "साहेब, जिन दोनशे पावलांवर हाये. चहा तिकडंच घेऊ काय?"

आणि निघालो! पुढं साहेब आणि मास्तर, मागं रामरावजी, त्यांच्यामागं चाळीस पोरं, आणि सगळ्यात मागं मी, कमरेवरची घागर ठेवायचंही भान नाही. बाजारातल्या लोकांना वाटलं प्रचाराची फेरी. कोणी तरी ओरडलं, "कोणाची फेरी हाये गा? निशाणी कोणती?"

रहमत तिकडून ओरडला, "बी!"

"बीले मत द्या!" पोरांनी सूर धरला. रामरावजी 'शू शू' करत होते, आणि साहेब रुमालात तोंड घालून खोकत होते. तो खोकला नव्हता, हे मी पाहिलं.

जिनात माझी नणंद मैनाबाई रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापूस ओढून घेणारं यंत्र. पुढून रुई पडते, खालून सरकी. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर भांडल्यासारखं ओरडावं लागे. मैनाबाईनं हबीब मास्तरांना चड्डीत पाहिलेलं, तिला मास्तरबिस्तर काही नाही.

"काय गा हबीबभाऊ, हे कोन?"

"पुण्याचे साहेब! कापूस पाहाले आले!"

"घेणार हायेत काय?"

"नाई व! कापूस कशापासून मिळते, ते पाह्यतीन!"

मैनाबाईनं साहेबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ढिगातून ओंजळभर कापूस उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला. "घ्या. यातून रुई काढून द्या मले."

साहेब ओढायला लागले. रुई येते, तशी सरकीही येते. सरकी धरावी तर रुई सुटत नाही. टोपी मागं सरकली, चष्मा नाकावर आला. सगळ्या बाया काम टाकून पाहत होत्या. बऱ्याच वेळानं एक सरकी हातात आली, तीही अर्धी केसाळ.

"एक झाली!" मैनाबाई म्हणाली. "आता असे गाडीभर काढा."

हशा झाला. मग तिनं कापसात आलेलं वाळकं बोंडाचं टरफल वेचून त्यांच्या तळहातावर ठेवलं. आतून लख्ख, गुळगुळीत. "अन् हे तुमचं फळ. याले रुईचा एक तरी धागा लागून हाये काय? फळानं रुई देली असती तं शेठनं एवढा रेचा कायले बसवला असता? आमी घरीच सोलली असती, तुरीच्या शेंगेसारखी!"

मास्तरांनी खिशातलं भिंग काढून साहेबांना दिलं. साहेबांनी सरकी भिंगाखाली धरली, मग टरफल धरलं, मग पुन्हा सरकी. मिशीवर रुई, टोपीवर रुई. आणि एकदम ते मोठ्यानं हसले, लहान पोरानं हसावं तसे.

"बोंडातून निघतो, म्हणून फळ खरं. बीवर उगवतो, म्हणून बीही खरं. दोन खरी उत्तरं असलेला प्रश्न! मुलं चुकली नाहीत मास्तर, प्रश्न चुकला!"

काय तो गलका झाला! पोरं नाचली, बायांनी रुई उधळली. शहनाज तेवढी घाईनं पुढं आली, साहेबांच्या हातातली सरकी घेतली आणि भिंग लावून पाहत राहिली. जिनाच्या आत ती पहिल्यांदाच आली होती.

पण साहेबांचं हसू ओसरलं. "मास्तर, एक सांगा. हा कच्चा कागद भाद्रपदात तुमच्याकडं आला होता. चारही उत्तरांसकट. तुम्ही जिनात वाढलेले. तेव्हाच का नाही कळवलं?"

गलका विझला. रामरावजी पुढं होऊन म्हणाले, "साहेब, तेव्हा शाळेत कामाची फार गडबड..."

"नाही," हबीब मास्तर म्हणाले. "गडबड नव्हती. मी प्रश्न ह्या रुपीबाईले वाचून दाखवत होतो. प्रश्न कळला काय, एवढंच पुसे. खालचे चार उत्तरं मी वाचलेच नाई. सतराव्याले हिनं सांगाले तोंड उघडलं होतं, मी हात आडवा धरला. ऐकून घेतलं असतं तं तिथंच समजलं असतं. चूक माझी हाये. माझं नाव ह्या कामातून काढून टाका. लेकरांचे पेपर ठेवा."

ज्या कामासाठी माणूस पाणी प्यायचं विसरला, तेच काम त्यानं स्वतःच्या हातानं सोडून दिलं. मी साहेबांच्या तोंडाकडं पाहत राहिले.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही काय उत्तर देणार होता?"

"सरकी, साहेब. अन् दुसरं काय?"

त्यांनी कापसाच्या पोत्यावर वही ठेवून लिहायला घेतलं. पानभर लिहिलं. मग म्हणाले, "मी एकटा ठरवणारा नाही. पण जे पाहिलं ते सगळं लिहीन." आणि ते टरफल आणि ती अर्धी केसाळ सरकी रुमालात बांधून पिशवीत टाकली. संध्याकाळच्या एसटीनं गेले. चहा राहिलाच.

मग वाट पाहणं सुरू झालं. इलेक्शन झालं, निकाल लागले, कोण निवडून आलं ते आमच्या शाळेत कोणी विचारलं नाही. डाकवाला दिसला की धावजी पुढं पळे. होळी गेली. मास्तर खोक्यातली चाकं पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. मी म्हणायची, "पत्र येईन हो." ते म्हणायचे, "येईनच. पण काय येईन?"

होळीनंतरच्या सोमवारी आलं. रामरावजींनी आधी मनात वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा हात घंटेकडं गेला. मधल्या सुट्टीला अजून तास होता, तरी टणाटण घंटा! सगळे वर्ग बाहेर. चाळीसचे चाळीस पेपर मापात धरले होते! सतरावा प्रश्न साऱ्या राज्याच्या कागदातून काढून टाकला होता. हबीब मास्तरांचं नाव कामात ठेवलं होतं. आणि खाली नवा नियम होता: यापुढं प्रत्येक प्रश्न, त्याच्या चारही उत्तरांसह, त्या त्या भागातल्या पुस्तक न वाचलेल्या एका तरी माणसाला वाचून दाखवावा, आणि तो काय उत्तर देतो ते ऐकून घेऊन कळवावं.

"ऐकून घेऊन," मास्तरांनी ते दोन शब्द पुन्हा वाचले. "हे मलेच लिहिलं हाये, रुपीबाई." आणि डोळे पुसले.

मैनाबाईला मात्र पटलं नाही. "म्हंजे एवढं भांडलो, अन् आपला कापूसच काढून टाकला? मग जिंकलं कोन?"

मास्तर म्हणाले, "तूच सांग." ती त्यांच्यामागं झाडू घेऊन धावली.

पुढं किती आले म्हणजे पास हे ठरवायला मास्तरांना नागपूरला बोलावलं. तीन दिवस तीस मास्तर एका खोलीत. परत आल्यावर सांगायचे, तिथं सगळ्यांना एकच काम होतं: जे पोरगं धड पास नाही, धड नापास नाही, अशा काठावरच्या पोराला डोळ्यापुढं आणायचं, आणि एकेक प्रश्न वाचून विचारायचं, याला हे येईल का? प्रत्येकाच्या डोळ्यापुढं आपापल्या गावचं पोरगं. मुंबईचा मास्तर म्हणे येईल, वऱ्हाडचा म्हणे नाही, आणि मग 'काहून नाही' यावर दुपारभर वाद. मास्तर असे रंगून सांगत, जसं कुस्तीचं मैदान मारून आलेत.

आणि पुढच्या वर्षी छापील कागद आला. चाळीस प्रश्न. मास्तरांनी तो माझ्यापुढं धरला आणि अकराव्यावर बोट ठेवलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं: 'पळीचे एक टोक चुलीत ठेवले, तर दुसरे टोक का तापते?'

याडी व, आई गं! माझे शब्द! मुंबईत, पुण्यात, कोकणात, सगळीकडं त्या दिवशी पोरं माझा प्रश्न वाचत होती. मला दरदरून घाम आला, जसं काही मीच साऱ्या राज्याला उभं करून विचारतेय.

पुढं मास्तरांची बदली वणीकडं राजूरला झाली. तिथं कोळशाच्या खाणीतल्या बायांना गाठून ते प्रश्न वाचून दाखवायचे, असं ऐकलं. आता चारही उत्तरं वाचायचे, आणि हात आडवा न धरता ऐकायचे. खरं काय ते मात्र सांगायचे नाहीत. शहनाज पुसदला शास्त्र शिकवायला लागली. वर्गात पहिल्या दिवशी पोरांच्या हातात बोंड द्यायची. मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पण त्या छापील कागदाच्या दिवशी मी त्यांना सोडलं नव्हतं. म्हटलं, "मास्तर, प्रश्न माझा हाये. आता तरी सांगा, दुसरं टोक काहून तापते?"

मास्तरांचा चेहरा तस्साच खुलला. "चुलीत दोन पळ्या ठेवा, रुपीबाई. एक लोखंडाची, एक लाकडाची. अन् मग मलेच सांगा."

दुसऱ्या दिवशी मी भाजलेलं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. वाटलं, वाईट वाटेल, निदान आता तरी सांगतील.

ते वाकले, भिंग लावून बोट नीट पाहिलं, आणि म्हणाले, "कोणत्या पळीनं?"